एकच मॉडेल, दोन प्रकारच्या डिस्क: टॅब्लेटवर इमेज न बसण्याचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

फिरतीवर असणाऱ्या कर्मचाऱ्यांना विंडोज टॅब्लेट देणाऱ्या एका संस्थेतले हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. संस्थेकडे एकाच मॉडेलच्या साठेक टॅब्लेट आधीपासून वापरात होत्या. सर्वेक्षणाचे ॲप, त्यासाठी लागणारा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस, नकाशांचा मोठा फोल्डर आणि सुरक्षेची सेटिंगे अशी सगळी मांडणी एका टॅब्लेटवर पक्की करायची, तिच्या डिस्कची सेक्टर पातळीवरची इमेज, म्हणजे सेक्टर या लहान ठोकळ्यांची जशीच्या तशी प्रत, काढायची आणि ती बाकीच्या टॅब्लेटवर उतरवायची, ही पद्धत तिथे रुळलेली होती. फिरतीच्या भागात नेटवर्क भरवशाचे नसल्यामुळे सगळे आधीच भरून देणे गरजेचे होते.

मग त्याच मॉडेलच्या आणखी चाळीसेक टॅब्लेट आल्या. मॉडेलचे नाव, खोके, पडदा, प्रोसेसर, बाजूचे एकुलते एक यूएसबी-सी पोर्ट, सगळे जुन्यासारखेच. खरेदीच्या कागदावर फरक एवढाच दिसत होता की १२८ जीबीच्या जागी २५६ जीबी साठवण होती. डिस्क मोठी आहे म्हटल्यावर इमेज बसणारच, असे गृहीत धरले गेले.

## अडचण

पहिल्याच टॅब्लेटवर इमेज उतरवणाऱ्या साधनाने नकार दिला. संदेश होता: लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान आहे. १२८ जीबीची इमेज २५६ जीबीच्या डिस्कवर मावत नाही, असे साधन सांगत होते.

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा हाच होता आणि तो सुरुवातीलाच सुटला. संदेश उघडच चुकीचा दिसतो म्हणून तंत्रज्ञाने तो साधनाचा दोष मानला. तपासणी बंद करण्याचा पर्याय वापरून त्याने डिस्कची बाइट-दर-बाइट प्रत उतरवली. लिखाण शेवटपर्यंत विनातक्रार झाले. टॅब्लेट पुन्हा सुरू केल्यावर मात्र बूट करण्याजोगे काही सापडत नाही असे सांगून ती फर्मवेअरच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या, पडद्यावर जाऊन थांबली. त्या टॅब्लेटवरची कारखान्यातली विंडोज तोवर पुसली गेली होती.

## निदानाची चुकलेली वाट

बूट होत नाही म्हटले की पहिला संशय, सही नसलेले बूट प्रोग्रॅम रोखणाऱ्या, सिक्युअर बूटवर जातो. इथेही तो बंद करून पाहिला, फरक पडला नाही. तुलनेसाठी जुन्या बॅचमधल्या एका चालू टॅब्लेटवरही तो बंद केला गेला, आणि तिथे नवेच काम उभे राहिले. सिक्युअर बूटची स्थिती टीपीएम या सुरक्षा चिपच्या मोजणीत धरलेली असते. ती बदलताच डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. की संस्थेच्या डिरेक्टरीत जपलेली होती म्हणून निभावले. बिटलॉकर आधी तात्पुरता स्थगित न करता चालू टॅब्लेटच्या फर्मवेअरला हात लावू नये.

सिक्युअर बूटवरचा संशय एका निरीक्षणाने आधीच मिटायला हवा होता. त्याच नव्या टॅब्लेटवर, सिक्युअर बूट चालू असताना, विंडोज पीईचा (स्थापना-दुरुस्तीसाठीच्या छोट्या विंडोजचा) पेनड्राइव्ह व्यवस्थित बूट होत होता. म्हणजे फर्मवेअरला फॅट३२ या फाइल सिस्टमचे पार्टिशन वाचता येत होते, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा बूट लोडर चालत होता, ३२ बिट की ६४ बिट फर्मवेअर हा जुन्या स्वस्त टॅब्लेटवर हमखास भेटणारा प्रश्नही नव्हता. बिघाड राहिला तो आतल्या डिस्कवरच्या मजकुरात.

दुसरा संशय ड्रायव्हरचा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच यंत्रांवर व्हीएमडी ही साठवणूक हाताळणारी सोय चालू असेल तर योग्य ड्रायव्हर घातल्याशिवाय विंडोज पीईला आतली एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. पण इथे डिस्कपार्ट या पार्टिशनच्या साधनात 'लिस्ट डिस्क' दिल्यावर डिस्क पूर्ण आकारासह दिसत होती. ड्रायव्हर ठीक होता. डिस्क निवडून पार्टिशनची यादी मागितली तेव्हा मात्र ना बूटच्या फाइलींचे ईएफआय पार्टिशन होते, ना विंडोजचे. नुकतीच संपूर्ण प्रत उतरवलेल्या डिस्कवर पार्टिशन दिसत नसतील, तर लिहिणारा आणि वाचणारा त्या डिस्ककडे वेगवेगळ्या मापाने पाहत आहेत, ही शंका घ्यायलाच हवी.

## खरे कारण

दोन्ही बॅचच्या डिस्कची लॉजिकल सेक्टर साइझ, म्हणजे डिस्क बाहेर सांगते ते सेक्टरचे माप, शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. जुन्या टॅब्लेटमध्ये ईएमएमसी प्रकारची साठवण होती, सेक्टर ५१२ बाइटचा. नव्यांमध्ये यूएफएस प्रकारची, सेक्टर ४०९६ बाइटचा. हे तपासायला चालू विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने 'एफएसयुटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो' ही आज्ञा सी ड्राइव्हवर द्यायची, किंवा सिस्टम इन्फर्मेशनमध्ये डिस्कच्या नोंदीतला सेक्टरमागे बाइट हा आकडा पाहायचा. विंडोज पीईत पॉवरशेल आणि त्याच्या साठवणुकीच्या आज्ञांचे घटक घातलेले असतील तर 'गेट-डिस्क' हेच सांगते. यात एक फसगत होते. बऱ्याच डिस्कवर फिजिकल सेक्टर ४०९६ आणि लॉजिकल ५१२ असतो. अशी डिस्क बाहेरून ५१२चीच वागते आणि जुनी इमेज तिच्यावर चालते. पाहायचा तो लॉजिकलचा आकडा.

आता पहिल्या संदेशाकडे परत जाऊ. पार्टिशन टेबलमध्ये सुरुवात आणि शेवट बाइटमध्ये लिहिलेले नसतात, सेक्टरच्या क्रमांकात लिहिलेले असतात. १२८ जीबीच्या जुन्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे २५ कोटी सेक्टर. २५६ जीबीच्या नव्या डिस्कवर ४०९६ बाइटचे जेमतेम सव्वासहा कोटी. साधन क्रमांकांची तुलना करत होते आणि त्या हिशेबात नवी डिस्क खरोखरच लहान होती. पान क्रमांक तोच, पण पानच आठपट मोठे, असा हा प्रकार. संदेश अपुरा होता, खोटा नव्हता.

जबरदस्तीने उतरवलेली प्रत बूट का झाली नाही, हे डिस्कवरचे बाइट थेट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये दिसते. जीपीटी या पार्टिशन टेबलचा हेडर सेक्टर क्रमांक १ मध्ये असावा लागतो आणि त्याची सुरुवात 'ईएफआय पार्ट' या खुणेने, मूळ रोमन लिपीतल्या आठ बाइटनी, होते. जुन्या डिस्कवर सेक्टर १ म्हणजे ५१२व्या बाइटपासूनची जागा. इमेजने खूण तिथेच आणून ठेवली. नवे फर्मवेअर सेक्टर १ वाचायला ४०९६व्या बाइटवर जाते. तिथे जुन्या टेबलमधल्या न वापरलेल्या पार्टिशन नोंदींची जागा येते, म्हणजे नुसती शून्ये. डिस्कच्या शेवटी असणाऱ्या राखीव हेडरचीही तीच गत: आकार वेगळा, माप वेगळे, जागा चुकलेली.

समजा, पार्टिशन टेबल हाताने दुरुस्त केले, तरी सुटका नाही. एनटीएफएस आणि फॅट३२ या दोन्ही फाइल सिस्टमच्या पहिल्या सेक्टरमध्ये सेक्टरमागे बाइट किती हा आकडा कोरलेला असतो. तो ५१२ सांगतो, डिस्क ४०९६ सांगते, आणि विंडोज ते पार्टिशन 'रॉ', म्हणजे फाइल सिस्टम नसलेले, दाखवते. काही यूएसबी केसिंगमधून काढलेली डिस्क थेट संगणकाला जोडल्यावर रिकामी दिसते, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. केसिंग मधल्या मध्ये सेक्टरचे माप बदलून सांगत असते.

## कोणते पर्याय होते

डिस्कलाच ५१२वर आणता येईल का, हा पहिला प्रश्न. काही एनव्हीएमई डिस्कवर वेगळा एलबीए (सेक्टर क्रमांकनाचा) फॉरमॅट निवडून हे जमते. यूएफएसच्या मानकात लॉजिकल ब्लॉक किमान ४ केबीचा आहे, त्यामुळे ही वाट बंद.

जुनी इमेजच रूपांतरित करायची, म्हणजे टेबलमधले सगळे क्रमांक आठाने भागायचे, हेडरची तपासबेरीज नव्याने काढायची, फाइल सिस्टमचे पहिले सेक्टर बदलायचे, हे कागदावर शक्य दिसते. चाळीस टॅब्लेटवर रोजचे काम अशा दुरुस्तीच्या भरवशावर सोडणे योग्य नव्हते. पुढे काही बिघडले असते तर दोष कशाचा, हे कधीच ठामपणे सांगता आले नसते.

तिसरा पर्याय, इमेजच न वापरता कारखान्यातल्या विंडोजवर प्रोव्हिजनिंग पॅकेज (सेटिंगांचा तयार संच) आणि ॲपची स्क्रिप्ट चालवणे. दूरचा विचार केला तर हाच सर्वांत निरोगी मार्ग. पण ॲपची स्थापना तोवर कधी स्क्रिप्टमधून केलेली नव्हती आणि टॅब्लेट वाटपाची तारीख जवळ होती.

निवडला गेला चौथा: सेक्टरऐवजी फाइल पातळीची विम इमेज. विममध्ये फाइली, त्यांचे अधिकार आणि गुणधर्म असतात. त्या कोणत्या सेक्टरवर होत्या याच्याशी तिला कर्तव्य नसते. आधी लक्ष्य डिस्कवर तिच्या मापाने पार्टिशन पाडायचे, मग त्यात फाइली ओतायच्या. त्यामुळे एकच विम दोन्ही बॅचना चालेल, असा हिशेब होता.

## काय केले

जुन्या बॅचमधली आदर्श टॅब्लेट घेतली. तिच्यावरचा बिटलॉकर नुसता स्थगित न करता पूर्ण काढला आणि डिक्रिप्शन शंभर टक्के होईपर्यंत थांबले, कारण बिटलॉकर चालू असेल तर सिसप्रेप, म्हणजे इमेज काढण्याआधी विंडोजमधली यंत्राची ओळख पुसणारे साधन, पुढे जात नाही. एकाच वापरकर्त्यापुरती बसवलेली स्टोअरची ॲप्स हा सिसप्रेप अडण्याचा दुसरा नेहमीचा खोडा. तसे झाले तर सिसप्रेपच्या फोल्डरमधल्या पँथर या उपफोल्डरात 'सेटअपॲक्ट' नावाचा लॉग असतो, त्यात दोषी ॲपचे नाव मिळते. जनरलाइझ (ओळख पुसणे), ओओबीई (पहिल्या वापराचे पडदे) आणि शटडाउन या तिन्ही पर्यायांसह सिसप्रेप चालवून टॅब्लेट बंद केली. त्यानंतर तिला विंडोजमध्ये परत जाऊ द्यायचे नसते, थेट पेनड्राइव्हवरून उठवायचे.

पेनड्राइव्हवर दोन पार्टिशन केली: विंडोज पीईसाठी २ जीबीचे फॅट३२ आणि इमेजसाठी एनटीएफएस. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही आणि नकाशांसह ही विम त्याहून खूप मोठी होती. विमचे तुकडे करूनही काम भागते, पण दोन पार्टिशनची पद्धत सुटसुटीत.

एकाच यूएसबी-सी पोर्टमुळे चार्जिंगची सोय असलेला हब अपरिहार्य होता. विंडोज पीईत टचचा ड्रायव्हर नसल्यामुळे कीबोर्डही हवाच. इथे एक बारीक गोष्ट कामाची ठरली. इमेज उतरत असताना चार्जर लावला किंवा काढला की हब क्षणभर रीसेट होतो. विंडोज पीई मेमरीतून चालत असल्याने पडद्यावर काही हलत नाही, पण पेनड्राइव्ह निखळतो आणि विम मध्येच तुटते. म्हणून क्रम ठरवला: आधी हबला चार्जर, मग हब टॅब्लेटला, मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरून टॅब्लेट सुरू. काम संपेपर्यंत कुठल्याही केबलला हात नाही.

डिस्कपार्टच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ईएफआय पार्टिशन १०० एमबीचे होते. नव्या डिस्कवर त्याचे फॅट३२ फॉरमॅटच होईना. फॅट३२ला साडेपासष्ट हजारांहून थोडे अधिक क्लस्टर (जागा वाटपाची एकके) लागतात आणि ४ केबीच्या सेक्टरवर एक क्लस्टर ४ केबीहून लहान असू शकत नाही. म्हणजे किमान २५६ एमबी होतात. मायक्रोसॉफ्टने अशा डिस्कसाठी २६० एमबी सांगितले आहे ते यामुळेच. दोन्ही बॅचसाठी २६० एमबीच ठेवले. त्यामागे १६ एमबीचे एमएसआर (विंडोजचे राखीव पार्टिशन), मग विंडोज, आणि शेवटी रिकव्हरी.

डीआयएसएम या विंडोजच्या इमेज साधनाने विम उतरवली. त्याआधी विंडोज पीईत पॉवर स्कीम हाय परफॉर्मन्सवर नेली. या वर्गातल्या प्रोसेसरवर त्याने वेळ वाचतो. नंतर बीसीडीबूट हे बूटच्या फाइली लिहिणारे साधन यूईएफआय फर्मवेअरच्या पर्यायासह चालवून ईएफआय पार्टिशनवर बूटच्या फाइली ताज्या करून घेतल्या, जुन्या आणल्या नाहीत. नव्या बॅचचे ड्रायव्हर तिच्यातल्याच एका अस्पर्श टॅब्लेटवरून पीएनपीयुटिल या ड्रायव्हरच्या साधनाने आधी काढून ठेवले होते. ते पहिल्या बूटच्या आधी, ऑफलाइन घातले. हा क्रम चुकला तर पहिल्याच पडद्यावर टच मेलेला आणि चित्र आडवे, अशी टॅब्लेट समोर येते.

टॅब्लेट सिक्युअर बूट चालू ठेवून सरळ विंडोजमध्ये उठली.

## दुसरा अडथळा

विंडोज उठली, पण सर्वेक्षणाचे ॲप उघडेना. एसक्यूएल सर्व्हरची सेवा सुरू होताच बंद पडत होती. एरर लॉगमध्ये क्रमांक ५१७८: ही फाइल ५१२ बाइटच्या सेक्टरसाठी फॉरमॅट झालेली आहे आणि आता ४०९६च्या व्हॉल्यूमवर आहे.

विमला सेक्टरशी कर्तव्य नसले, तरी तिच्या पोटातल्या एखाद्या फाइलला असू शकते, हे इथे कळले. एसक्यूएल सर्व्हर आपली लॉग फाइल बनवताना त्या क्षणीच्या डिस्कचा सेक्टर धरून तिची आखणी करतो आणि ती आखणी फाइलसोबत फिरते. सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसचीही लॉग फाइल जुन्या ५१२च्या डिस्कवर बनलेली होती, म्हणून सेवाच उभी राहत नव्हती. ॲपचा डेटाबेस तर त्यानंतरची गोष्ट.

त्या संदेशाचा उरलेला अर्धा भाग उपाय सांगतो: मूळ सेक्टरइतक्या किंवा त्याहून लहान सेक्टरच्या व्हॉल्यूमवर फाइल हलवा. म्हणजे ही अडचण एकाच दिशेची आहे. ५१२वर बनलेली फाइल ४०९६वर चालत नाही, ४०९६वर बनलेली ५१२वर चालते.

इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. प्रत्येक नव्या टॅब्लेटवर डेटाबेसचे इंजिन काढून पुन्हा बसवता आले असते. त्यात प्रत्येक यंत्रावर हाताने करायचे काम वाढते आणि दोन बॅचच्या दोन मांडण्या कायम सांभाळत बसावे लागते. त्यापेक्षा आदर्श टॅब्लेटच बदलली. नव्या बॅचमधल्या एका टॅब्लेटवर सगळे सुरुवातीपासून उभे केले, सिसप्रेप केला, तिची विम काढली आणि ती आधी जुन्या बॅचच्या टॅब्लेटवर उतरवून पाहिली. सेवा सुरू झाली, ॲप उघडले, सर्वेक्षणाची चाचणी नोंद साठवली गेली आणि सर्व्हरकडे पोहोचली. मगच बाकीच्यांना हात घातला.

## निष्पत्ती

दोन्ही बॅच आता एकाच विमवर चालतात. ड्रायव्हरचे फोल्डर मात्र दोन आहेत, आणि स्क्रिप्ट फर्मवेअरमधला एसकेयू (उपमॉडेलचा) क्रमांक वाचून योग्य तो निवडते. स्क्रिप्ट सुरू होताच लॉजिकल सेक्टर साइझ पडद्यावर दाखवते आणि ५१२ किंवा ४०९६ यांशिवाय काही दिसले तर थांबते. मूळ विंडोज पुसून बसलेली पहिली टॅब्लेटही याच मार्गाने उभी राहिली, तिच्या हार्डवेअरला काही झालेले नव्हते. तपासात बंद केलेला सिक्युअर बूट सगळीकडे परत चालू केला गेला. बिटलॉकर इमेजमध्ये नसून वाटपाच्या वेळी चालू होतो आणि की डिरेक्टरीत पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय टॅब्लेट हातात दिली जात नाही.

## काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग पडले ते तपासणी बंद करून लिहिणे. इमेज उतरवणारे साधन न पटणारे काही सांगत असेल, तर ते कोणत्या एककात मोजते आहे हे आधी पाहावे. मोठी डिस्क लहान ठरते आहे, याचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत पुढे जायला नको होते. दोन आज्ञांचे काम होते.

नव्या बॅचमधली पहिली टॅब्लेट पुसण्याआधी तिची कारखान्यातली स्थिती जपायला हवी होती. ड्रायव्हर, पार्टिशनची मांडणी, साठवणुकीचा प्रकार, फर्मवेअरची आवृत्ती, सगळे तिथे आयते मिळते. दुसरी अस्पर्श टॅब्लेट हाताशी होती म्हणून इथे निभावले. एखादेच यंत्र बदली म्हणून आले असते तर अशी दुसरी टॅब्लेट मिळाली नसती.

डेटाबेसबाबत याहून नीटस वाट होती. एसक्यूएल सर्व्हरच्या स्थापनेत 'प्रिपेअर इमेज' आणि 'कम्प्लीट इमेज' असे दोन टप्पे खास याच कामासाठी दिलेले आहेत. पहिल्या टप्प्यात फक्त प्रोग्रॅमच्या फाइली इमेजमध्ये जातात, आणि इन्स्टन्स (चालता डेटाबेस सर्व्हर) प्रत्यक्ष उभा राहतो तो दुसऱ्या टप्प्यात, लक्ष्य यंत्रावर, तिथल्या सेक्टरच्या मापाने. त्यासाठी ॲपचा रिकामा डेटाबेस स्क्रिप्टमधून तयार करता यायला हवा, आणि या संस्थेत ती स्क्रिप्ट नव्हती. ती लिहून घेण्याचे काम आता हाती घेतले आहे. ती झाली की आदर्श टॅब्लेट कोणत्या बॅचची, हा प्रश्न उरणार नाही आणि वर नाकारलेला प्रोव्हिजनिंगचा पर्यायही आवाक्यात येईल.

खरेदीच्या मागणीपत्रात आता साठवणुकीच्या आकारासोबत तिचा प्रकार आणि लॉजिकल सेक्टर साइझ विचारली जाते. पुरवठादाराला ती सांगता आली नाही, तर मुख्य मागणीआधी एक टॅब्लेट नमुन्यादाखल मागवली जाते.